झाडावरचा नंबर

जांभळी नाक्याच्या दुकानात एकवीस वर्षं
मी लोकांच्या पायांशी बसतोय.
शाळेचे काळे बूट, नवरदेवाची मोजडी, साखरवाल्यांची मऊ चप्पल.
विचारतो एकच : चालायला की मिरवायला?

येऊरच्या पाटोणपाड्यावरून आलेला लाडक्या बरफ म्हणाला,
बसायला.
झाडावर. रातभर.

वैशाखी पुनवेला पाणवठ्याशी मचाण बांधतात,
जनावरं मोजायची असतात, साहेबाने सोबत बोलावलंय.
पाय दुखाला नको शेट, असं काय तरी द्या.

मी पाय पट्टीवर ठेवून घेतला.
टाच नऊ नंबरला बरोबर बसली, पण अंगठा
उरलेल्या चौघांपासून फटकून उभा,
वाटणीनंतर वेगळी चूल मांडल्यासारखा.
खोडं धरत वाढलेला पाय.
सात खोकी उघडली. एकातही मावेना.

मग मी दुकानदारी अक्कल पाजळली.
तळ कडक घ्या, मचाणाची काठी पावलाच्या कमानीत रुतते.
एक नंबर मोठा घ्या, पहाटेपर्यंत पाय सुजतोच.
नाडी वर सैल. मोजा जाड, सुती,
आणि तो वर चढल्यावर घालायचा, घामेजलेला मोजा फोड आणतो.
तो ऐकत होता,
पोराचा पाढा ऐकावा तसा.

म्हणाला, आणि पाय लोंबता ठेवायचा नाय.
खाली आडवी फळी बांधायची, गुडघा जरा वर येईल अशी,
नायतर बैठकीची कड मांडीला कापते, रगत अडतं.
फळीवर गोणपाट. नवं रबर चिरकतं,
ते सांबराला आधी ऐकू येतं, मग आपल्याला.

सगळं ठाऊक आहे की तुम्हाला, मी म्हटलं.

त्याने पाय पट्टीवरून काढला नाही.
बारा वर्षांचा होतो, म्हणाला.
बा ठासणीची बंदूक घेऊन ऐनाच्या दुबेळक्यात,
मी त्याच्या वरच्या फांदीला, अनवाणी, उकिडवा.
तवा ते चालायचं, म्हणजे चालायचं नाय, पण पोट होतं.
अर्ध्या रातीला डाव्या पायाला मुंग्या आल्या.
पाय माझा नव्हताच, कुणी तरी फांदीवर ठेवून गेल्यासारखा.
सांबर पाण्याला तोंड लावणार,
इतक्यात मी टाच हलवली. एवढीशीच.
सालीचा कपचा खाली पडला.
तिने वर पाहिलं.
मादी होती, पोटात असणारी.

घरी बाने मारलं. त्या रातीला आम्ही नुसतं मीठ-भात खाल्ला.
मार आठवत नाय आता.
पायाला मात्र कधी शिवी दिली नाय मी.

दुकानात आणखी एक गिऱ्हाईक आलं, सँडलला ऊन लागतं का विचारायला.
मी त्याला थांबवून ठेवलं.

मग आता कशाला हवेत बूट?

आता ती गेली तर आकडा चुकतो, शेट.
साहेब कागदावर लिहितो ना.
आता पाय गप बसला पायजे.

माळ्यावरून मागच्या सालचा कॅनव्हासचा जोड काढला,
रुंद पंजाचा, रंग कुणालाच न आवडलेला.
अंगठ्याजवळची शिवण दोन टाके उसवली.
अर्धे पैसे घेतले, बाकीच्याचं तो करवंदं देणार म्हणाला,
दिली नाहीत.

यंदा होळीनंतर तोच जोड घेऊन परत आला,
टाचेजवळ फाटलेला, शिवून द्या म्हणाला.
मी सवयीने उलटा करून पाहिला. तळ वाचता येतो मला,
कोण घासत चालतो, कोण एका बाजूला झुकून,
कोणाला घरी जायची घाई नाही.
या तळावर रस्ताच नव्हता.
ना डांबर, ना खडी, ना येऊरची लाल माती.
फटीत फक्त सालीचा चुरा,
आणि वाळलेल्या डिंकाचा एक थेंब.

नाडी एकमेकीला बांधून बूट गळ्यात अडकवतो,
अनवाणी चढतो, वर गेल्यावर घालतो,
असं त्याने सांगितलं, हिशेब चुकता करावा तसं.
उतरताना परत गळ्यात.

किती दिसली मागच्या पुनवेला?
मी सुईत दोरा ओवत विचारलं.
चार बोटं दाखवली, मग एक वाकवलं,
ते पिल्लू होतं, म्हणाला,
आईच्या पोटाखाली. मोजू का नको कळेना.